न थांबणारी आकडी

आमच्या घरात तिला मिरगी म्हणत, शेजारी फेफरे. तान्ह्या पोराला आली की आकडी आणि दवाखान्याच्या कागदावर अपस्मार. नावे चार, पण गल्लीचा इलाज एकच: कांदा, नाहीतर चप्पल हुंगवा! बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप ओसरतात, त्यामुळे श्रेय चपलेला मिळत आले. पण जो झटका ओसरतच नाही, त्याचे काय? मी कवी माणूस, डॉक्टर नव्हे. तरी या प्रश्नाचा इतिहास सांगावासा वाटतो, कारण त्याची मोलाची पाने गरीब इस्पितळांत लिहिली गेली आहेत.

१८२४ साली पॅरिसच्या काल्मेय या डॉक्टराने अशा न थांबणाऱ्या झटक्यांची वेगळी नोंद केली. त्यानंतर १९१२ मध्ये फेनोबार्बिटल आले, १९३८ मध्ये फेनिटॉइन. १९६५च्या सुमारास फ्रान्समध्ये गास्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिरेतून डायझेपाम देऊन असे झटके थांबवले. तेव्हापासून रीत ठरली: शीर शोधा, औषध सोडा.

आता आफ्रिकेतल्या मलेरियाच्या वॉर्डात चला. ताप मेंदूत गेलेले मूल सारखे आचके देते आहे. इवल्याशा हाताची शीर सापडत नाही. एका नर्सवर अनेक खाटांचा भार. ऑक्सिजन अपुरा, श्वास देणारे यंत्र नाही.

केनियातल्या किलिफी इस्पितळात डॉक्टरांनी विचार केला, की आकडी येण्याआधीच रोखली तर? मेंदूच्या मलेरियाच्या ३४० मुलांपैकी निम्म्यांना फेनोबार्बिटलचे एक इंजेक्शन दिले, निम्म्यांना औषध नसलेले. २००० साली निष्कर्ष छापून आला. वारंवार येणाऱ्या आकडीचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर उतरले. आणि मृत्यूचे? ८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर चढले. ज्यांना डायझेपामचे तीन वा अधिक डोस मिळाले होते, त्यांना धोका सर्वांत मोठा होता. दोन्ही औषधे मिळून श्वास मंदावत असावा, असे डॉक्टरांना वाटले. तो सावरायला यंत्र नव्हते. आकडी थांबली म्हणजे मूल वाचले, असे होत नाही, हा धडा फार महागात मिळाला. तो लपवला गेला नाही, हे त्या डॉक्टरांचे मोठेपण.

पुढचा प्रश्न शिरेचा. मलावीतल्या ब्लँटायर इस्पितळात पॅराल्डिहाइड हे एकोणिसाव्या शतकातले उग्र वासाचे औषध स्नायूत टोचत. २००६ साली तिथल्या १६० मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नाकात लोराझेपाम दिले होते. दहा मिनिटांच्या आत लोराझेपामने ७५ टक्के मुलांची आकडी थांबली, पॅराल्डिहाइडने ६१ टक्के. सुईसुद्धा लागली नाही! २००८ साली युगांडातल्या कंपालाच्या मुलागो इस्पितळाने ३३० मुलांचा अनुभव मांडला. गुदद्वारातून दिलेले डायझेपाम ४३ टक्के वेळा अपुरे पडले, तर गालाच्या आत सोडलेले मिडाझोलाम ३० टक्के वेळा.

गंमत पाहा, २०१२ साली श्रीमंत अमेरिकेच्या रुग्णवाहिकांतही तेच दिसले. इस्पितळात पोहोचेपर्यंत स्नायूत टोचलेल्या मिडाझोलामने ७३ टक्के रुग्णांचे झटके थांबले होते, शिरेतल्या लोराझेपामने ६३ टक्के. शीर शोधण्यात मिनिटे जातात, आणि इथे हिशेब मिनिटांचाच आहे.

आज पाच मिनिटांहून लांबलेला मोठा झटका तातडीचा मानतात. अर्ध्या तासानंतर मेंदूला कायमची इजा होण्याची भीती असते. म्हणून छोट्या दवाखान्यातही औषधाच्या कुपीशेजारी ऑक्सिजन हवा, हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी हवी, रक्तातली साखर तपासण्याची सोय हवी. आणि घरात? माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटे उलटली तर चपलेच्या नादी न लागता गाडी बोलवा.