आकाशगंगेचे शेजारी आणि त्यांना शोधणारी माणसे

भाद्रपदात पहाटे ढग नसतील तर दक्षिणेला अगस्तीचा तेजस्वी तारा दिसतो. आपल्या हैदराबादेतून तो क्षितिजापासून जास्तीत जास्त वीस अंश वर येतो. त्याच्याही बऱ्याच खाली एक अंधूक, ढगासारखा पट्टा असतो. तो आपल्याकडे जेमतेम तीन अंश वर येतो आणि धुरक्यात हरवतो. इंदूर, ग्वाल्हेरकडे तर तो कधी उगवतच नाही. त्याला मॅगेलनचा मोठा मेघ म्हणतात. त्याच्या जवळच दुसरा, लहान मेघ आहे. दक्षिण गोलार्धातल्या लोकांना हे दोन्ही मेघ पूर्वापार माहीत होते. १५१९ साली निघालेल्या मॅगेलनच्या सफरीतील पिगाफेट्टा याने त्यांची नोंद केली आणि युरोपने त्यांना त्या दर्यावर्दीचे नाव दिले.

हे ढग नव्हेत, तर आपल्या आकाशगंगेभोवती असलेल्या छोट्या दीर्घिका आहेत. आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे आहे. मोठा मेघ आपल्यापासून सुमारे १ लाख ६० हजार आणि लहान मेघ सुमारे २ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. पण ही अंतरे मोजायची कशी, हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणालाच ठाऊक नव्हते. त्याची किल्ली सापडली ती याच लहान मेघात, आणि ती एका कानांनी अधू झालेल्या बाईंना सापडली.

हेन्रिएटा लेव्हिट अमेरिकेच्या हार्वर्ड वेधशाळेत कामाला होत्या. पेरू देशातल्या दुर्बिणीने काचांवर घेतलेले आकाशाचे फोटो तिथे येत. ते भिंगाखाली धरून प्रत्येक ताऱ्याची तेजस्विता वहीत लिहायची, हे त्यांचे काम. मजुरी ताशी ३० सेंट. दुर्बिणीवर बसून संशोधन करण्याची मुभा तेव्हा तिथे बायकांना नव्हती. १९०८ साली त्यांनी दोन्ही मेघांतल्या १,७७७ रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांची यादी छापली. त्यातल्या काही ताऱ्यांबद्दल त्यांनी लिहून ठेवले, की जो तारा जास्त तेजस्वी, त्याच्या कमी-जास्त होण्याला वेळही जास्त लागतो.

यात हुशारी कोठे आहे ते पाहा. दूरच्या टेकडीवरच्या गावातले दिवे रात्री दिसले, तर ते सगळे आपल्यापासून साधारण सारख्याच अंतरावर असतात. त्यामुळे जो दिवा मोठा दिसतो, तो खरोखरच मोठा असतो. लहान मेघातल्या ताऱ्यांचेही तसेच. १९१२ साली लेव्हिटबाईंनी अशा २५ ताऱ्यांवरून हा नियम पक्का केला. आता ताऱ्याच्या स्पंदनाचा काळ मोजला, की त्याचे खरे तेज कळते. खरे तेज आणि दिसणारे तेज यांच्या फरकावरून अंतर निघते. हीच मोजपट्टी वापरून एडविन हबलने १९२३ नंतर देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे दाखवले आणि विश्व एकदम मोठे झाले.

१९१२ च्या त्या पत्रकावर सही होती वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांची. मजकूर मिस लेव्हिट यांनी तयार केला, असे त्यांनी पहिल्याच ओळीत नमूद केले, हे खरे. तरी टिपणी एकाची आणि सही दुसऱ्याची, ही रीत कचेरीत नोकरी करणाऱ्या आम्हा लोकांना चांगली ओळखीची आहे. लेव्हिटबाई १९२१ साली कर्करोगाने वारल्या. १९२५ साली स्वीडनच्या एका नामवंत गणितज्ञाने नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवण्याच्या विचाराने हार्वर्डला पत्र लिहिले, तेव्हा त्या हयात नाहीत हे त्याला कळले.

काचांवरची अशी मोजदाद आपल्या शहरातही झाली आहे. बेगमपेठेतल्या निजामिया वेधशाळेने आंतरराष्ट्रीय योजनेत वाट्याला आलेल्या आकाशाच्या पट्ट्याचे फोटो घेऊन ताऱ्यांची यादी छापली. जुन्या हैदराबादकरांना हा अभिमान असायला हरकत नाही.

पुढे १९३८ साली हार्वर्डच्या हार्लो शॅप्ले यांनी दक्षिण आफ्रिकेत घेतलेल्या फोटोंवरून शिल्पकार आणि अश्मंत या तारकासमूहांत दोन फिकट दीर्घिका शोधल्या. पहिली तर काचेवर बोटाचा ठसा उमटावा इतकी पुसट. १९५० ते ५५ या काळात सिंह, कालेय आणि ध्रुवमत्स्य या तारकासमूहांत आणखी चार सापडल्या. १९९४ पर्यंत मेघ धरून एकूण संख्या ११ झाली.

मधल्या काळात १९८३ साली मार्क आरनसन यांनी कालेयमधल्या दीर्घिकेतील केवळ तीन ताऱ्यांचे वेग मोजले. त्यांच्या वेगांतला फरक अपेक्षेपेक्षा जास्त निघाला. दिसणाऱ्या ताऱ्यांचे गुरुत्वाकर्षण एवढे वेग धरून ठेवायला पुरे नव्हते; तेवढ्यावर ती दीर्घिका केव्हाच विखुरली असती. तिला बांधून ठेवणारे काहीतरी न दिसणारे असले पाहिजे. त्यालाच कृष्णद्रव्य म्हणतात. तीन ताऱ्यांवर एवढा मोठा निष्कर्ष काढल्याबद्दल शंका घेतल्या गेल्या. पुढे अनेक तारे मोजल्यावर तो खरा ठरला.

१९९९ साली नवाच पेच पडला. कृष्णद्रव्य धरून संगणकाने हिशेब केला, तर आकाशगंगेभोवती असे शेकडो पुंजके असायला हवे होते, आणि प्रत्यक्षात दिसत होते ११! सिद्धांत चुकला की नजर अपुरी पडली? २००५ पासून संगणकाने आकाश चाळायला सुरुवात झाली आणि उत्तर बरेचसे मिळाले. अनेक शेजारी इतके फिकट आहेत, की सिंह राशीतल्या 'सेग्यू १' मध्ये साधारण हजारच तारे आहेत. काही पुंजक्यांत तारे तयारच झाले नसावेत. आज ओळखीच्या शेजाऱ्यांची संख्या साठच्या घरात गेली आहे.

चिलीमध्ये जून २०२५ मध्ये व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे प्रसिद्ध झाली. कृष्णद्रव्याचा पुरावा भक्कम करणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंचे नाव तिला दिले आहे. तिच्या ८.४ मीटरच्या आरशातून आणखी कित्येक शेजारी सापडतील अशी अपेक्षा आहे. त्या बातम्या आपल्या मुलांना वाचून दाखवताना ताशी ३० सेंटवर वही भरणाऱ्या लेव्हिटबाईंचेही नाव जरूर सांगावे.