भारतातील चुंबकीय केंद्रकीय संमीलन संशोधनाची वाटचाल : एक ऐतिहासिक अभ्यास (१९५५ ते २०२०)

प्रस्तावना :

यवतमाळ जिल्ह्यातील वणी परिसर हा वर्धा खोऱ्यातील कोळसा क्षेत्राचा एक महत्त्वाचा भाग आहे. विदर्भाच्या भूगर्भातील कोळशावर राज्यातील औष्णिक वीजनिर्मितीचा मोठा भार राहिला असून त्याची किंमत खाणीलगतच्या गावांनी जमीन, पाणी आणि हवा यांच्या रूपाने मोजली आहे. त्यामुळे कोळशाला पर्याय कोणता, हा प्रश्न या जिल्ह्याच्या दृष्टीने केवळ तात्त्विक स्वरूपाचा नाही. अशा पर्यायांमध्ये केंद्रकीय संमीलनाचा उल्लेख वारंवार केला जातो. सूर्यामध्ये ज्या प्रक्रियेने ऊर्जा निर्माण होते, ती प्रक्रिया पृथ्वीवर नियंत्रित स्वरूपात घडवून आणण्याचा हा प्रयत्न होय. या प्रयत्नात भारताचा सहभाग कसा घडत गेला, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

उद्दिष्टे :

१) भारतातील संमीलन संशोधनाच्या प्रारंभाची पार्श्वभूमी समजून घेणे.
२) 'आदित्य' व 'एसएसटी-१' या यंत्रांच्या उभारणीचा आढावा घेणे.
३) 'आयटर' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातील भारतीय सहभागाचे मूल्यमापन करणे.

१९५५ चे भाकीत आणि जागतिक पार्श्वभूमी :

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगासंबंधी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. परिषदेचे अध्यक्षपद डॉ. होमी भाभा यांच्याकडे होते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारणाऱ्या या शास्त्रज्ञाने आपल्या अध्यक्षीय भाषणात, येत्या दोन दशकांत संमीलन ऊर्जा नियंत्रितपणे मुक्त करण्याचा मार्ग सापडेल, असे भाकीत केले. त्या काळी अमेरिका, ब्रिटन व सोव्हिएत रशिया या देशांतील यासंबंधीचे संशोधन गोपनीय होते. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या प्रतिनिधीने हा विषय खुल्या व्यासपीठावर मांडावा, यास राजकीय अर्थही होता. भाभांच्या विवेचनामागे अविकसित देशांच्या वाढत्या ऊर्जागरजेची जाणीव होती. जगातील कोळसा व तेल या गरजेला पुरे पडणार नाही, हे त्यांच्या युक्तिवादाचे मूळ होते.

भाकीत मात्र खरे ठरले नाही. संमीलनासाठी हायड्रोजनची समस्थानिके कोट्यवधी अंश तापमानापर्यंत तापवावी लागतात. या अवस्थेत अणूंतील इलेक्ट्रॉन विलग होऊन द्रव्य आयनद्रायू, म्हणजेच प्लाझ्मा, बनते. एवढे तप्त द्रव्य कोणत्याही भांड्यात ठेवता येत नाही; ते चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने भिंतींपासून दूर धरावे लागते. आरंभीच्या यंत्रांतून आयनद्रायू अपेक्षेपेक्षा फार वेगाने निसटत असे. १९५८ मध्ये ब्रिटनच्या 'झीटा' यंत्राबाबत केलेला यशाचा दावा मागे घ्यावा लागला. पुढे सोव्हिएत शास्त्रज्ञांनी कंकणाकृती पोकळीचे 'टोकामाक' हे यंत्र विकसित केले. १९६८ मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या तापमानाची ब्रिटिश पथकाने मॉस्कोत जाऊन लेसरच्या साहाय्याने १९६९ मध्ये पडताळणी केली, आणि त्यानंतर बहुतेक देशांनी हाच मार्ग स्वीकारला.

'आदित्य' ते 'एसएसटी-१' :

भाभांच्या भाकितानंतर भारतात या क्षेत्रातील संघटित प्रयत्न सुरू होण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला. १९८२ मध्ये अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत प्लाझ्मा भौतिकी कार्यक्रम सुरू झाला. त्यातूनच १९८६ मध्ये गांधीनगरजवळील भाट येथे प्लाझ्मा संशोधन संस्था आकारास आली. डॉ. प्रेधिमान कृष्ण कौ हे तिचे संस्थापक संचालक होत. येथे १९८९ मध्ये 'आदित्य' हा टोकामाक कार्यान्वित झाला. त्याची मुख्य त्रिज्या ०.७५ मीटर व आयनद्रायूची त्रिज्या ०.२५ मीटर होती. जगातील मोठ्या यंत्रांच्या तुलनेत तो लहानच होता. तथापि त्याचे महत्त्व आकारात नव्हते. निर्वात पात्र, चुंबकीय वेटोळी, वीजपुरवठा व मापनयंत्रणा यांची रचना आणि जोडणी देशातच शिकली गेली, ही त्याची खरी फलश्रुती होय.

पुढील टप्पा अधिक कठीण होता. तांब्याच्या वेटोळ्यांतून प्रचंड प्रवाह दीर्घकाळ वाहू देता येत नाही, ती तापतात. यावर उपाय म्हणून अतिसंवाहक चुंबक असलेल्या 'एसएसटी-१' या यंत्राची योजना नव्वदच्या दशकात आखण्यात आली. हे चुंबक उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवावे लागतात. प्रारंभीच्या चाचण्यांत गळतीसारख्या अडचणी उद्भवल्या. त्यामुळे यंत्र उकलून २००९ पासून त्याच्या नूतनीकरणाचे काम हाती घेण्यात आले. प्रत्येक मुख्य चुंबकीय वेटोळे अतिशीत अवस्थेत स्वतंत्रपणे तपासून मगच पुन्हा बसविण्यात आले. जून २०१३ मध्ये या यंत्रात पहिला आयनद्रायू निर्माण झाला. मधल्या वर्षांचा हा विलंब अपयश म्हणून नोंदविणे सोपे आहे. परंतु जोडणीपूर्वी प्रत्येक भागाची कसोटी घेण्याची शिस्त याच काळात रुजली, ही बाब इतिहासकाराने दुर्लक्षून चालणार नाही.

'आयटर' आणि महाराष्ट्राशी जोडलेले दुवे :

फ्रान्समधील कादाराश येथे उभारल्या जात असलेल्या 'आयटर' प्रकल्पात भारताला डिसेंबर २००५ मध्ये सातवा सदस्य म्हणून प्रवेश मिळाला. २१ नोव्हेंबर २००६ रोजी पॅरिस येथे झालेल्या करारावर भारताच्या वतीने अणुऊर्जा आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी स्वाक्षरी केली. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या काकोडकरांची कारकीर्द तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात घडली होती. भारताचा वाटा सुमारे ९ टक्के असून तो मुख्यतः यंत्रसामग्रीच्या रूपाने द्यावयाचा आहे. याकरिता स्थापन झालेल्या 'आयटर-इंडिया'च्या प्रकल्प संचालकपदाची धुरा काही वर्षे डॉ. शिशिर देशपांडे यांनी सांभाळली.

भारतीय वाट्यातील सर्वांत ठळक काम म्हणजे 'क्रायोस्टॅट' होय. संपूर्ण टोकामाक व त्याचे अतिशीत चुंबक यांना वेढणारे हे पोलादी निर्वात पात्र सुमारे २९ मीटर उंच व तितक्याच व्यासाचे असून त्याचे वजन ३,८५० टन आहे. हे काम २०१२ मध्ये, मुंबईत १९३८ साली स्थापन झालेल्या लार्सन अँड टुब्रो कंपनीकडे सोपविण्यात आले. गुजरातमधील हजिरा येथे ५४ भागांत घडविलेले हे पात्र समुद्रमार्गे पाठवून कादाराश येथे वेल्डिंगने जोडण्यात आले. त्याचा १,२५० टनांचा पाया मे २०२० मध्ये यंत्राच्या खड्ड्यात उतरविण्यात आला.

मर्यादा :

'आयटर'चे वेळापत्रक अनेकदा लांबले. २०२२ मध्ये अन्य घटकांत आढळलेल्या दोषांमुळे बसविलेला भाग बाहेर काढावा लागला. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित आराखड्यानुसार संशोधनास प्रारंभ २०३४ मध्ये, तर ड्यूटेरियम-ट्रिटियम इंधनाचे प्रयोग २०३९ मध्ये अपेक्षित आहेत. ५० मेगावॉट उष्णता देऊन ५०० मेगावॉट संमीलन शक्ती मिळविणे हे उद्दिष्ट असले तरी 'आयटर' वीज निर्माण करणार नाही. युरोपच्या 'जेट' यंत्राने १९९७ मध्ये १६ मेगावॉट संमीलन शक्ती मिळविली, मात्र त्यासाठी सुमारे २४ मेगावॉट शक्ती पुरवावी लागली होती.

निष्कर्ष :

१) भारतातील संमीलन संशोधनाचा प्रारंभ भाकिताने झाला असला तरी त्याची प्रगती कार्यशाळेतील संथ व चिकाटीच्या कामातून झाली.
२) 'आदित्य' व 'एसएसटी-१' यांतून मिळालेल्या अनुभवाचा पाया नसता, तर 'आयटर'मधील सहभाग केवळ आर्थिक वर्गणीपुरता राहण्याचा धोका होता.
३) संमीलन हा नजीकच्या काळातील वीजटंचाईवरील उपाय नाही. वणीसारख्या कोळसा क्षेत्रातील पुनर्वसन, प्रदूषण व रोजगार यांचे प्रश्न उद्याच्या ऊर्जेच्या आशेवर पुढे ढकलणे योग्य ठरणार नाही. भाभांच्या दोन दशकांच्या मुदतीस आज सात दशके लोटली आहेत, हाच या इतिहासाचा धोरणकर्त्यांना मिळणारा धडा होय.