केशवराव भोळे : पडद्यामागचा स्वररचनाकार



आकाशवाणीची जी ओळखधून आपण लहानपणापासून ऐकत आलों, ती वॉल्टर काउफमन नांवाच्या एका परदेशस्थ संगीतकारानें रचली. बोहेमियांत जन्मलेला हा यहुदी गृहस्थ १९३४ सालीं मुंबईस आला आणि पुढें मुंबई केंद्रावर पाश्चात्य संगीताचा प्रमुख झाला. धून घरोघर पोंचली; रचणाराचें नांव फार थोड्यांस ठाऊक. गाणारा लोकांच्या लक्षांत राहतो, चाल बांधणारा पडद्यामागें राहतो. आज ज्यांच्याविषयीं बोलावयाचें योजिलें आहे, ते केशव वामन भोळे याच मालिकेंतले. शिवाय ते आपल्या अमरावतीचे. त्यांच्या जन्मगांवींच त्यांचें नांव क्वचित् ऐकूं यावें, हें माझ्या मनास फार लागतें.

केशवरावांचा जन्म १८९६ चा. वऱ्हाड त्या वेळीं नांवानें निजामाचा आणि कारभारानें इंग्रजांचा होता. त्यांच्या जन्मानंतरच्या वर्षीं, १८९७ च्या डिसेंबरांत, सर शंकरन् नायर यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रसभेचें अधिवेशन अमरावतीस भरलें. अशा जागत्या गांवांतला हा मुलगा वैद्यकी शिकण्यासाठीं मुंबईस गेला आणि वैद्यकी सोडून गाण्याच्या मागें लागला! डॉक्टरीचें शिक्षण म्हणजे जन्माची भाकरी. गाणें म्हणजे नाटककंपनीचा नाद, असा तो काळ. मी जन्मभर शाळामास्तर. एखाद्या विद्यार्थ्यानें मजजवळ येऊन असा सल्ला विचारला असता, तर मीं त्यास परत वर्गांत पाठविलें असतें, हें प्रामाणिकपणें सांगतों.

मुंबईंत त्यांनीं कान उघडे ठेवून नामांकित गवई ऐकले, आणि ऐकलेलें कागदावर उतरविलें. 'वसुंधरा' साप्ताहिकांत 'एकलव्य' आणि 'शुद्ध सारंग' या टोपणनांवांनीं त्यांचें लेखन येई. गवयाची नुसती स्तुति करावी किंवा नुसती निंदा करावी, हा आपल्याकडचा जुना परिपाठ. अमक्याचा आवाज कसा लागतो, तो ख्याल कसा भरतो, त्याची तान कोठून निघते, हें वाचकांस समजेल अशा मराठींत सांगणारे लेखक थोडे होते. केशवराव त्यांपैकीं एक.

१९३३ सालीं 'नाट्यमन्वंतर' या संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक रंगभूमीवर आणलें. नॉर्वेचा नाटककार ब्यर्न्सन याच्या नाटकावरून श्री. वि. वर्तक यांनीं तें लिहिलें होतें. जुन्या संगीत नाटकांत नटानें बोलतां बोलतां थांबावें, ऑर्गनवाल्यानें सूर धरावा, पद सुरू व्हावें, 'वन्समोअर' पडावा, आणि कथानकानें तोंवर ताटकळत उभें राहावें, असा प्रकार असे. येथें पदें मोजकीं, तींही प्रसंगाच्या ओघांत येणारीं. साथीस केशवरावांनीं पियानो, व्हायोलिन व हवाईयन गिटार हीं वाद्यें घेतलीं. त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई या मूळच्या गोव्याच्या. त्यांनीं या नाटकांत काम केलें आणि पदें गाइलीं. ख्यालाचा विस्तार बाजूस ठेवून शब्दाचा भाव आधीं पोंचविणारी ही गाण्याची तऱ्हा तेव्हां नवी होती. जुन्या मंडळींस ती पचण्यास वेळ लागला असल्यास नवल नाहीं.

प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आल्यावर तिचा पहिला चित्रपट 'अमृतमंथन'. तो १९३४ चा, आणि त्याचें संगीत केशवरावांचें. 'संत ज्ञानेश्वर' १९४० चा, 'रामशास्त्री' १९४४ चा. सर्वांची यादी वाचीत बसत नाहीं. मात्र १९३७ चा 'कुंकू' विसरतां येत नाहीं. म्हाताऱ्या वकिलाशीं फसवून लग्न लावलेल्या तरुणीची ती कथा. त्या चित्रपटांत पार्श्वसंगीत म्हणून वाद्यवृंद ठेविलाच नाहीं. घरांतले, रस्त्यावरचे स्वाभाविक आवाज तेवढे ठेविले. प्रसंग जेथें आपल्या बळावर उभा आहे, तेथें संगीतकारानें हात आवरावा! आपली विद्या दाखविण्याची संधि सोडून देणें किती कठीण, हें भाषण लांबविण्याची खोड असलेल्या माझ्यासारख्या मास्तरास चांगलें कळतें. उत्तरवयांत त्यांनीं 'माझें संगीत : रचना आणि दिग्दर्शन', 'अस्ताई', 'अंतरा' असे ग्रंथ लिहिले. १९७७ सालीं ते निवर्तले.

'संत तुकाराम' मीं मुद्दाम मागें ठेविला. दामले आणि फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला हा १९३६ चा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहांत वर्षाहून अधिक चालला, आणि १९३७ सालीं इटलींतील व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेला. विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या भूमिकेंत होते. त्यांत बीज आणि वृक्ष यांचा दृष्टांत देणारें एक पद आहे. मीं तें लहानपणीं जत्रेंतल्या तंबूंत ऐकलें, आणि पुढें अकोला जिल्ह्यांतल्या एका खेड्यांत मास्तर झाल्यावर तुकोबांचा अभंग म्हणून मुलांकडून पाठ करून घेतलें. एक मुलगा दुसऱ्या दिवशीं उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, आमचे आजोबा म्हणतात, हा अभंग गाथेंत नाहीं." आजोबा वारकरी. मीं त्यास दटावून खालीं बसविलें.

मन मात्र स्वस्थ बसेना. दिवाळीच्या सुटींत गाथा घेऊन बसलों. साडेचार हजारांवर अभंग, एकेक पाहिला. अभंग नव्हता. तो असणारच कसा? पद लिहिलें शांताराम आठवले यांनीं, चाल बांधली केशवरावांनीं. मजहून पुष्कळ जाणते लोकही तेथें फसले आहेत, एवढेंच समाधान. त्यांत आठवल्यांच्या शब्दांचा वांटा आहेच; पण भजनाच्या फडांतून उचलून आणल्यासारखी ती चाल, एकही तान नाहीं, शब्द प्रत्येक अक्षरासह स्पष्ट, ही करणी केशवरावांची. चाल इतकी जमली कीं तिच्या कर्त्याचें नांवच पुसलें गेलें.

सुटी संपून शाळा उघडली, तेव्हां तो मुलगा आईबापांबरोबर गांव सोडून गेला होता. वर्गापुढें मीं चूक सांगितली. ज्यास सांगावयाची, तो नव्हता. तो आतां चांगला बाप्या झाला असेल. कोठें हें भाषण त्याच्या कानीं पडत असेल, तर बाबा रे, तुझे आजोबा म्हणत होते तेंच खरें होतें.