चूक एकदाच दुरुस्त करता येईल का?

इंग्लंडमधील हॉटन-ले-स्प्रिंग या गावात विल्यम शँक्स नावाचे गृहस्थ एक निवासी शाळा चालवत असत. गणिताची त्यांना विलक्षण हौस होती. हाताने गणिते करून त्यांनी पायची किंमत दशांशचिन्हापुढे ७०७ स्थळांपर्यंत काढली आणि १८७३ साली ती प्रसिद्ध केली. पुढे सत्तर वर्षे ती बिनतक्रार वापरात होती. पॅरिसमध्ये १९३७ साली ‘पाले द ला देकुव्हर्त’ हे विज्ञान संग्रहालय उघडले, तेव्हा तेथील एका गोल दालनात हेच अंक मोठ्या आकारात लावण्यात आले.

पण शँक्स यांचे गणित चुकले होते! डी. एफ. फर्ग्युसन यांनी १९४४ मध्ये वेगळे सूत्र घेऊन पायची किंमत नव्याने काढायला सुरुवात केली, तेव्हा ५२८ व्या स्थळापासून दोन्ही उत्तरे जुळेनात. हा निष्कर्ष १९४६ साली प्रसिद्ध झाला. पॅरिसच्या दालनातील अंक मात्र १९४९ साली दुरुस्त झाले. म्हणजे चूक सापडली एका ठिकाणी, पण ती उतरली होती अनेक ठिकाणी. पुस्तकांत, कोष्टकांत, भिंतीवर. प्रत्येक ठिकाणी कोणाला तरी स्वतंत्रपणे जाऊन ती सुधारावी लागली.

या गोष्टीत शँक्स यांचा दोष काढण्याचा हेतू नाही. सातशे अंकांचे गणित हाताने करून पाहिले म्हणजे त्यांच्याविषयी आदरच वाटतो. आपल्याला येथे एक वेगळा प्रश्न विचारायचा आहे. एखादी माहिती अनेक ठिकाणी उतरवून घेतली, की मूळ माहिती आणि तिच्या नकला यांचे नाते तुटते. ते तुटू न देण्याचा काही उपाय आहे का?

पान नको, पत्ता हवा

उपायाची पहिली पायरी फार जुनी आहे. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये ह्यू ऑफ सेंट-शेर या धर्मगुरूंच्या देखरेखीखाली बायबलमधील शब्दांची एक प्रचंड सूची तयार झाली. कोणता शब्द कोठे आला आहे ते सांगायचे, पण सांगायचे कसे? पुस्तके हाताने लिहिलेली. एका प्रतीत जो मजकूर चाळिसाव्या पानावर, तोच दुसऱ्या प्रतीत साठाव्या पानावर. पृष्ठांक निरुपयोगी! मग या मंडळींनी प्रत्येक अध्यायाचे सात भाग कल्पिले आणि त्यांना अक्षरे दिली. संदर्भ द्यायचा तो अध्यायाचा आणि त्यातील भागाचा. प्रत कोणतीही असो, पत्ता तोच.

ही युक्ती आपल्याला नवी नाही. ज्ञानेश्वरीचा दाखला देताना आपण पान सांगत नाही, अध्याय आणि ओवी सांगतो. छापखाना बदलला, आकार बदलला, तरी ओवीचा क्रमांक बदलत नाही. (पाठभेदाने थोडाफार फरक पडतो, ते सोडा.) दुवा हा जागेशी जोडलेला नसावा, मजकुराशी जोडलेला असावा, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते. पुढच्या साऱ्या इतिहासात ते पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

वाट जपून ठेवणारे मेज

जुलै १९४५ मध्ये अमेरिकन अभियंते व्हॅनेव्हर बुश यांनी ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात एक लेख लिहिला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हजारो शास्त्रज्ञांच्या कामाचा मेळ घातला होता. संशोधन इतके वाढले आहे की हवे ते सापडत नाही, ही त्यांची तक्रार. त्यांनी ‘मेमेक्स’ नावाचे एक काल्पनिक मेज वर्णन केले. मेजात सूक्ष्मचित्रफितीवर पुस्तके साठवलेली आणि वाचक त्यांतील दोन पाने एकमेकांना कायमची जोडू शकेल अशी सोय. उदाहरणही त्यांनी छान घेतले. तुर्की धनुष्य इंग्रजी लांब धनुष्यापेक्षा सरस का ठरले, याचा शोध घेणारा वाचक इतिहासाच्या पुस्तकातून पदार्थांच्या लवचीकतेच्या कोष्टकाकडे जातो आणि ती सारी वाट मागे जपून ठेवतो. हे मेज कधीच बनले नाही, पण कल्पना रुजली.

टेड नेल्सन यांनी १९६५ साली अशा जोडलेल्या मजकुराला ‘हायपरटेक्स्ट’ हे नाव दिले. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे प्रेक्षकांसमोर संगणकाच्या पडद्यावर मजकूर जोडून, उलगडून दाखवला. संगणकाचा माऊस लोकांनी प्रथम पाहिला तो याच दीड तासाच्या प्रात्यक्षिकात.

नेल्सन यांची आणखी एक कल्पना आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी आहे. तिला त्यांनी पुढे ‘ट्रान्सक्लूजन’ हे नाव दिले. एखादा परिच्छेद दुसऱ्या लेखात हवा असेल तर त्याची नक्कल करायची नाही. तो परिच्छेद आपल्या मूळ जागीच राहील. दुसऱ्या लेखात फक्त त्याची खिडकी असेल. मूळ बदलले की खिडकीतून दिसणारे चित्रही आपोआप बदलेल. पायच्या त्या अंकांसाठी अशी खिडकी असती तर?

वकिलाची अडचण, गणितज्ञाचा वैताग

कल्पना सुंदर होती, पण व्यवहारात ती आली ती दुसऱ्याच दाराने. आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब हे कायद्याचे पदवीधर संगणकावर काम करत होते. वकिलांच्या कार्यालयासाठी एक व्यवस्था उभारायची होती. मजकूर सुधारणे, तो शोधून काढणे आणि छापणे, ही तीन कामे तीन निरनिराळ्या आज्ञावल्या करत. प्रत्येकीच्या खुणा वेगळ्या, त्यामुळे एकीचा मजकूर दुसरीला कळेना. १९६९ साली गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी यावर तोडगा काढला. मजकुरात ‘हे ठळक छापा’ अशी खूण घालायची नाही, ‘हे शीर्षक आहे’, ‘ही तळटीप आहे’ अशी घालायची. ते कसे छापायचे हे छापणारी आज्ञावली ठरवेल. म्हणजे मजकुराच्या तुकड्याला त्याच्या रूपावरून न ओळखता त्याच्या कामावरून ओळखायचे. याच पद्धतीचे पुढे १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले.

दुसरीकडे डोनाल्ड नूथ या गणितज्ञ-संगणकशास्त्रज्ञांना १९७७ साली आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते इतकी ओबडधोबड दिसली, की त्यांनी गणित सुबक छापणारी ‘टेक’ ही आज्ञावली स्वतःच लिहायला घेतली. लेस्ली लँपोर्ट यांनी १९८० च्या दशकात तिच्यावर ‘लाटेक’चा साज चढवला. आमच्यासारख्या संशोधकांचे निबंध आजही बहुधा यातच लिहिले जातात.

लाटेकमधील दुव्यांची रीत वर्गात समजावण्याजोगी आहे. समजा, मजकुरात ‘आकृती ३ पाहा’ असे लिहायचे आहे. आपण ३ हा आकडा लिहीतच नाही. आकृतीला एक टोपणनाव देतो, उदाहरणार्थ ‘लंबक’, आणि मजकुरात लिहितो, ‘लंबक’ या आकृतीचा जो क्रमांक असेल तो येथे घाल. पण आकृती पुढच्या पानावर असेल तर तिचा क्रमांक आधीच कसा कळणार? म्हणून आज्ञावली दोन फेऱ्या करते. पहिल्या फेरीत ती सर्व टोपणनावे आणि त्यांचे क्रमांक एका वेगळ्या वहीत टिपून ठेवते. तोवर त्या जागी दोन प्रश्नचिन्हे दिसतात. दुसऱ्या फेरीत वही पाहून क्रमांक भरले जातात. मध्ये एक नवी आकृती घातली, तरी ‘आकृती ३’ची ‘आकृती ४’ आपोआप होते.

जाड माहितीपुस्तिकांची कहाणी

याची खरी निकड होती ती यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांना. खगोलभौतिकीत संशोधन करणाऱ्या चार्ल्स कॉरफील्ड यांनी लिहिलेली ‘फ्रेममेकर’ ही आज्ञावली १९८६ साली स्थापन झालेल्या कंपनीने बाजारात आणली. १९९५ साली ती अडोबीने घेतली. एका पुस्तकातील मजकूर दुसऱ्यात नक्कल न करता दुव्याने आणणे, एकाच मजकुरातून अटी लावून दोन नमुन्यांच्या यंत्रांसाठी दोन पुस्तिका छापणे, अशा सोयी तिने दिल्या. ‘वीजपुरवठा बंद केल्याशिवाय झाकण उघडू नये’ ही सूचना चाळीस पुस्तिकांत असेल, तरी लिहायची एकदाच.

२००५ साली ‘डीटा’ हे मानक आले. आयबीएममध्ये जन्मलेल्या या मानकाच्या नावात चक्क डार्विन आहेत! कारण यात मजकुराचे मूळ प्रकार ठरलेले असतात आणि त्यांच्यापासून गुणधर्म वारशाने घेणारे नवे प्रकार तयार करता येतात. २०१० च्या आवृत्तीत एक महत्त्वाची भर पडली. दुवा थेट फाइलच्या जागेकडे न दाखवता एका ‘किल्ली’कडे, म्हणजे नावाकडे दाखवायचा. ते नाव सध्या कोणत्या फाइलचे, हे एका वेगळ्या नकाशात लिहायचे. फाइल हलली तर चाळीस दुवे न बदलता नकाशातील एक ओळ बदलायची. ह्यू यांचे अध्याय-भाग आठवले ना?

हे सारे कशासाठी, असे कोणाला वाटेल. एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या प्रयोगशाळेत काम करत होतो, तेथे एका भट्टीची कार्यसूचना पाच ठिकाणी ठेवलेली होती. उच्चतम तापमानाचा आकडा एकदा कमी करावा लागला. चार ठिकाणी तो बदलला, पाचवी प्रत कपाटाच्या दारामागे चिकटवलेली होती. एका विद्यार्थिनीने नेमकी तीच वाचली. भट्टीची रबरी कडी जळाली, धूर झाला, सुदैवाने तिला काही झाले नाही. ती मात्र कित्येक दिवस स्वतःलाच दोष देत राहिली. वास्तविक तिने सूचना तंतोतंत पाळली होती! चूक आमच्या नकलांची होती.

दुवा तुटला तर?

मग सगळीकडे दुवेच घालावेत का? येथे इतिहास आपल्याला थोडे थांबवतो.

१९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन केंद्रात माहिती जोडण्याची योजना मांडली. तेथे माणसे साधारण दोन वर्षे राहत आणि त्यांच्याबरोबर माहितीही निघून जाई, हे त्यांचे दुखणे. त्यातून वर्ल्ड वाइड वेब जन्मले. नेल्सन यांना दुवे दोन्ही बाजूंनी जाणणारे हवे होते. बर्नर्स-ली यांनी एकतर्फी, साधे दुवे स्वीकारले. म्हणूनच वेब इतके झपाट्याने पसरले आणि म्हणूनच त्यातले दुवे तुटतात. मूळ पान हलवणाऱ्याला आपल्याकडे कोण बोट दाखवत आहे, हे कळतच नाही. हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०१४ साली दाखवून दिले, की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत दिलेल्या वेबदुव्यांपैकी सुमारे निम्मे मूळ मजकुरापर्यंत पोचतच नव्हते.

दुसरा धोका एकाच मुळावर विसंबण्याचा. २२ मार्च २०१६ रोजी एका संगणकतज्ज्ञाने आपली अकरा ओळींची एक छोटी आज्ञावली सार्वजनिक संग्रहातून काढून घेतली. जगभरच्या अनेक प्रकल्पांनी ती नक्कल न करता दुव्यानेच वापरली होती. ते सारे अडले. काही तासांतच ती परत ठेवावी लागली.

नकलांची बाजूही ऐकून घेऊ. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. मूळ प्रत कोणाकडेच नव्हती. होत्या त्या देशभर विखुरलेल्या शेकडो हस्तलिखित नकला, प्रत्येकीत निरनिराळ्या चुका आणि भरी. त्या ताडून पाहूनच जास्तीत जास्त जुन्या पाठापर्यंत जाता आले. एकच मूळ प्रत आणि बाकी सगळे दुवे असते, तर त्या प्रतीला वाळवी लागताच सारे संपले असते.

थोडक्यात, दुवा चूक पसरू देत नाही आणि नक्कल नाश होऊ देत नाही. शहाणपण दोहोंत आहे: अधिकृत मूळ एकच असावे, त्याला न बदलणारे नाव असावे, आणि त्याच्या तारीख घातलेल्या प्रती सुरक्षित ठेवलेल्या असाव्यात.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. शाळा भरण्याची वेळ आपल्या शाळेत किती ठिकाणी लिहिलेली आहे, हे मुलांना शोधायला सांगा. सूचनाफलक, दैनंदिनी, शिक्षकखोली, वर्गातले वेळापत्रक... त्यांतील मूळ कोणते आणि नकला कोणत्या, हे त्यांना ठरवू द्या. वेळ पंधरा मिनिटांनी बदलली तर कोणकोणत्या जागी खडू, पेन न्यावे लागेल याची यादी करायला सांगा. आणि ‘सर, सगळीकडे फक्त “फलक पाहा” असे लिहिले तर?’ असे एखाद्याने विचारले, तर त्याला लगेच शाबासकी देऊ नका. पावसाने फलक पुसला गेला तर काय, हे त्यालाच विचारा.