पाचगणीचा फर्रुख आणि 'बिस्मिल्लाह' असलेला रॉक अल्बम

इंग्रजी रॉक संगीतातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्यांपैकी एकात 'बिस्मिल्लाह' हा शब्द मोठ्या समूहस्वरात येतो. गाणे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', अल्बम 'अ नाइट ॲट द ऑपेरा', बँड क्वीन आणि साल १९७५. हा शब्द तिथे आणणारा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीत शिकला, हे आमच्या जालन्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्याचे मूळ नाव फर्रुख बलसारा. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे माणसाआधी नावाकडे लक्ष जाते. फर्रुख हा फारसी शब्द, अर्थ शुभ, भाग्यवान. बादशहा फर्रुखसियरच्या नावात तोच शब्द आहे. बलसारा म्हणजे बलसाडचे, म्हणजे आजच्या गुजरातमधल्या वलसाडचे. हे पारशी कुटुंब झांजिबारला नोकरीनिमित्त गेले होते. तिथे ५ सप्टेंबर १९४६ रोजी त्याचा जन्म झाला. घरची भाषा गुजराती, धर्म जरथुष्ट्री, भोवतालचा समाज बहुसंख्येने मुसलमान आणि भाषा स्वाहिली. 'बिस्मिल्लाह' हा शब्द त्याच्या कानावर लहानपणीच पडला नसेल तर नवल.

आठ वर्षांचा असताना त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात पाठवले गेले. पियानोच्या परीक्षा त्याने तिथेच दिल्या. १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी मिळून 'द हेक्टिक्स' हा शाळेचा बँड काढला. फर्रुख त्यात पियानो वाजवायचा, मुख्य गायक दुसराच मुलगा होता. याच पाचांतले फरंग इराणी पुढे पुण्यात हॉटेल व्यवसायात आले आणि व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात मोठे अधिकारी झाले. फर्रुख १९६३ मध्ये झांजिबारला परतला. पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली आणि कुटुंबाला जीव वाचवून इंग्लंड गाठावे लागले.

१९७५ पर्यंत क्वीन नावारूपाला आले होते, पण हातात पैसा नव्हता. जुन्या व्यवस्थापकांशी भांडण होऊन फारकत झाली होती. अल्बमचे पहिलेच गाणे त्या रागातून आलेले आहे. चौथा अल्बम चालला नसता तर बँड टिकणे अवघड होते. अशा वेळी माणूस सावध होतो, ठरलेल्या वाटेने जातो. या चौघांनी उलट केले. एकाच अल्बममध्ये कडक रॉक, जुन्या नाटकगृहातली गंमत, लोकगीताचा बाज, प्रेमगीत आणि ऑपेरा असे सगळे घातले. बारा रचनांमध्ये चौघांचीही गाणी आहेत. गिटारवादक ब्रायन मे याने वडिलांसोबत घरी बनवलेल्या गिटारवर एका गाण्यात अख्ख्या जॅझ वाद्यवृंदाचा आभास उभा केला.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा ऑपेराचा भाग तयार व्हायला सुमारे तीन आठवडे लागले. तिघेच गायक दिवसचे दिवस गात. एका आवाजावर दुसरा, त्यावर तिसरा, असे थर चढवत त्यांनी मोठ्या गायनवृंदाइतका भरणा केला. तेव्हा संगणक नव्हता, २४ ट्रॅकची टेप होती. ती इतक्या वेळा यंत्रातून फिरली की तिच्यावरचा लेप झिजून आरपार उजेड दिसू लागला. गाणे जवळपास सहा मिनिटांचे झाले. इतके लांब गाणे रेडिओवर कोण लावणार, असे कंपनीतले लोक म्हणत होते. पण लंडनमधल्या केनी एव्हरेट या निवेदकाने ते एकाच शनिवार-रविवारी पुन्हा पुन्हा वाजवले आणि लोकांनी दुकानांत विचारणा सुरू केली. पुढे ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. १९९१ मध्ये फ्रेडीच्या मृत्यूनंतर पुन्हा तिथेच पोहोचले.

आता त्या शब्दाकडे येऊ. गाण्यात इटालियन नाटकातला विदूषक आहे, गॅलिलिओ आहे, ऑपेरातला न्हावी आहे आणि त्यांच्याच रांगेत 'बिस्मिल्लाह' आहे. फ्रेडीने गाण्याचा अर्थ कधीच उलगडून सांगितला नाही. आपल्यातल्या काहींना रॉकच्या गाण्यात हा शब्द खटकतो, आणि त्यांची भावना मी समजू शकतो. पण २००४ मध्ये इराणने क्वीनच्या निवडक गाण्यांची कॅसेट अधिकृतपणे निघू दिली, तेव्हा प्रेमगीते वगळली आणि हे गाणे ठेवले. सोबतच्या पत्रकात त्याची कथा अशी दिली होती: हातून खून झालेला तरुण सैतानाच्या तावडीत सापडतो आणि शेवटी अल्लाहचे नाव घेऊन आपला आत्मा सोडवतो. हा अर्थ सगळे मान्य करतील असे नाही. पण त्यांनी तो शब्द चेष्टेचा मानला नाही, सुटकेचा मानला.

मला या अल्बममध्ये खरी गोष्ट दिसते ती मिसळीची. माझ्या वर्गातली मुले घरी दखनी बोलतात, धडा उर्दूत वाचतात, बाजारात मराठी बोलतात आणि मोबाइलवर इंग्रजी शोधतात. मग कोणीतरी त्यांना विचारते, "तुमची खरी भाषा कोणती?" मलाही कितीदा ऐकावे लागते, "सर, मुसलमान असून तुमचे मराठी किती चांगले आहे!" बोलणारा कौतुकच करत असतो, पण त्या 'असून'मध्ये सगळे येते. मुलाला वाटू लागते की एक भाषा आपली ठरवायची तर बाकीच्या दाराबाहेर ठेवाव्या लागतील.

फर्रुखने नाव बदलले, बालपणाविषयी तो क्वचितच बोलला. परक्या देशात वेगळ्या नावाचे ओझे काय असते, हे आपण समजू शकतो. त्यासाठी त्याला दोष देण्याचा हक्क मला वाटत नाही. पण गाणे लिहिताना त्याने काहीच दाराबाहेर ठेवले नाही. झांजिबारच्या गल्लीत ऐकू येणारा शब्द, पाचगणीत शिकलेला पियानो आणि लंडनचा रॉक त्याने एका गाण्यात एकत्र बसवले, आणि जगाने ते जसेच्या तसे स्वीकारले.

म्हणून मी मुलांना सांगतो: चार भाषा येतात म्हणून लाजू नका, त्यांतली एकच निवडायची घाईही करू नका. चारही नीट शिका. अर्धवट आलेली भाषा ओझे होते, मनापासून शिकलेली भाषा दौलत होते.