पालशेतचा अपघात आणि डॉक्टरांची तीन कर्तव्ये

6 मे 1953. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या अपघातात सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावातील डॉक्टरांनी पाय हलू नये म्हणून लाकडी फळ्या बांधल्या. टॅक्सीने सुमारे 200 मैलांचा प्रवास करून 9 मे रोजी त्याला पुण्यातील एका शल्यचिकित्सकाकडे आणण्यात आले. त्याच रात्री तो मरण पावला.

त्या दिवशी शस्त्रक्रियागृहात नेमके काय घडले, यावर पुढील चौदा वर्षे वाद चालला. आई-वडिलांचे म्हणणे असे की, भूल न देता, केवळ मॉर्फियाच्या आधारावर, तीन परिचारकांच्या मदतीने पाय बळाने खेचून हाड बसवले गेले आणि त्या धक्क्याने मुलगा दगावला. डॉक्टरांच्या मते, हाड बसवणे त्यांनी पुढे ढकलले होते. हलका ताण देऊन फक्त प्लास्टर घातले होते. न्यायालयांनी आई-वडिलांचे म्हणणे ग्राह्य धरले. भरपाई ठरली 3,000 रुपये. उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि 2 मे 1967 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही.

कायद्याच्या पुस्तकांत हा खटला 'जोशी विरुद्ध गोडबोले' या नावाने ओळखला जातो. न्या. शेलत यांच्या निकालपत्रात डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली आहेत: रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरवताना, कोणते उपचार द्यावेत हे निवडताना आणि ते प्रत्यक्ष देताना योग्य ती काळजी घेणे. उपचारांची निवड मात्र डॉक्टरच्या विवेकावर सोडली. आणीबाणीत तर तो विवेक अधिकच व्यापक मानला. येथे दोष ठरला तो उपचार देण्याच्या रीतीत.

याच सुमारास, 1954 मध्ये, लंडनमधील एका मनोरुग्णालयात बोलॅम नावाच्या रुग्णाला स्नायू शिथिल करणारे औषध न देताच विजेचे झटके देण्यात आले आणि त्याच्या खुब्याची हाडे मोडली. तेथेही मोडलेले हाड आणि न दिलेले औषध! पण 1957 मध्ये रुग्ण हरला, कारण जाणत्या डॉक्टरांचा एक गट तीच पद्धत योग्य मानत होता. हाच निकष सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात स्वीकारला.

1995 च्या शांता निकालाने सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आल्याचे स्पष्ट झाले आणि दिवाणी न्यायालयाची लांबलचक वाट टाळणे शक्य झाले. गुडघ्याच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेवरून होणाऱ्या तक्रारीही याच चौकटीत तपासल्या जातात. शस्त्रक्रियेनंतर गुडघा आखडला किंवा बसवलेला लिगामेंट पुन्हा तुटला, एवढ्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. निदानाला अकारण उशीर झाला का, जंतुसंसर्गाची लक्षणे दुर्लक्षिली गेली का, संमती नेमकी कोणत्या शस्त्रक्रियेसाठी घेतली होती, हे पाहावे लागते. त्यासाठी तज्ज्ञाचे मत आणि रुग्णालयातील नोंदी लागतात. पालशेतच्या खटल्याप्रमाणे येथेही बंद दाराआड काय घडले हे रुग्णाच्या बाजूलाच सिद्ध करावे लागते, आणि त्या नोंदी बहुधा डॉक्टरांच्या हातच्या असतात.