यांगत्सेवरील जिना

एखाद्या राष्ट्राचा इतिहास त्याच्या राजवंशांच्या नामावळीवरून जितका कळतो, त्याहून पुष्कळ वेळां तो त्या राष्ट्रानें आपल्या नद्यांशीं केलेल्या वर्तनावरून अधिक कळतो. चीनच्या बाबतींत तर हें विशेषच खरें आहे. तेथील पुराणकथांतील कुन नांवाच्या अधिकाऱ्यानें महापुराचें पाणी बांध घालून अडविण्याचा यत्न केला व तो सपशेल फसला. पुढें त्याचा मुलगा यू यानें तेंच पाणी चर खणून समुद्राकडे वळविलें आणि त्या पुण्याईवर तो राजपदास चढला. पाणी अडवावें कीं त्याला वाट करून द्यावी, हा वाद त्या देशांत असा इतिहासाच्याही पूर्वींपासून चालत आलेला आहे. यांगत्से नदीवर सानदौपिंग येथें आज जें प्रचंड धरण उभें आहे, तें याच वादांतील अगदीं अलीकडचें प्रकरण होय, व त्याच दृष्टीनें आम्ही त्याकडे पाहणार आहों.

यांगत्से ही सुमारें ६,३०० किलोमीटर लांबीची, आशिया खंडांतील सर्वांत लांब नदी. तिबेटच्या पठारावरून निघून ती सेचवानच्या सुपीक खोऱ्यांत येते. परंतु तेथून पूर्वेच्या मैदानांत उतरावयाचें तर तिला आडव्या आलेल्या डोंगरांच्या रांगा चिरून जावें लागतें. ह्या वाटेवर कुतांग, वू आणि शीलिंग अशा तीन अरुंद घळी लागतात. पूर्वीं येथील प्रवास म्हणजे जिवावरचा खेळ असे. पात्रांतील खडकांवर आपटून होड्यांच्या चिरफाळ्या होत. प्रवाहाविरुद्ध वर जाणारी होडी बांबूच्या दोरांनीं माणसें ओढीत. मोठ्या होडीला तर शेंकडों माणसें लागत, आणि तीं कड्यांत खोदलेल्या हातभर रुंदीच्या पायवाटांवरून, कमरेंत वांकून, तालावर हाका देत चालत. घळींच्या तोंडाशीं असलेल्या बायदी नगरांत इ. स. २२३ मध्यें शू राज्याचा संस्थापक ल्यू बेई यानें देह ठेविला, तेथून इ. स. ७५९ मध्यें कविवर्य ली बाय नौकेनें खालीं उतरला. आणि त्यानंतर थोड्याच वर्षांनीं दू फूनें जवळच राहून शेंकडों कविता लिहिल्या. चिनी वाचकाला ह्या घळी म्हणजे निव्वळ भूगोल नव्हे. शाळेंत पाठ केलेल्या वाङ्मयाची ती जन्मभूमि आहे.

आम्हीं हा प्रवास चुंगकिंगहून प्रवासी नौकेनें केला. आतां त्या खळाळाचा मागमूसही राहिलेला नाहीं. धरणामागें साठलेलें पाणी ६०० किलोमीटरांहून अधिक लांबवर, थेट चुंगकिंगपर्यंत पसरलें आहे, व नौका तळ्यावरून जावी तशी संथपणें जाते. दोर ओढणाऱ्यांच्या पायवाटा पाण्याखालीं गेल्या. बायदीची टेकडी बेट झाली आहे. शिबाउझाय येथील बारा मजली लांकडी मनोऱ्याभोंवतीं तट बांधून तो वांचविला आहे. युनयांग येथील झांग फेई ह्या वीराचें देऊळ दगडन् दगड उकलून दुसरीकडे नेऊन पुन्हां उभारलें आहे. कांठांवरील उंच चढणींवर पांढऱ्या इमारतींचीं जीं नवीं नगरें दिसतात, त्यांपैकीं पुष्कळांचीं जुनीं रूपें त्यांच्याच पायांशीं, पाण्याच्या तळाला आहेत.

ह्या सर्वांत इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक चटका लावणारी गोष्ट आहे ती फूलिंग शहरासमोरील बायहलियांग, म्हणजे शुभ्र क्रौंचांचा खडक. सुमारें १,६०० मीटर लांबीचा हा खडक नदीच्या पात्रांत आडवा पडलेला असून तो केवळ हिंवाळ्यांत, पाणी अगदीं ओसरलें म्हणजेच उघडा पडे. त्यावर मासे कोरलेले आहेत, आणि माशांचे डोळे म्हणजे नीचतम पाण्याची खूण. मासे दिसले कीं पुढील वर्ष सुगीचें, अशी लोकांची श्रद्धा असे. म्हणून पाणी ओसरलें कीं अधिकारी, पंडित व कवि होड्यांतून तेथें जात आणि आपापली नोंद कोरून ठेवीत. इ. स. ७६३ पर्यंत मागें पोंचणाऱ्या ह्या नोंदींनीं नदीच्या बाराशें वर्षांची रोजनिशीच सिद्ध झाली आहे. सरकारनें ह्या खडकाचें रक्षण केलें नाहीं असें मुळींच नाहीं. त्याच्यावर मोठ्या खर्चानें पाण्याखालचें संग्रहालय बांधलें असून तें २००९ सालीं खुलें झालें. भुयारांतून खालीं उतरून जाड कांचेच्या खिडक्यांतून तीं अक्षरें पाहतां येतात. परंतु धरणाचा क्रम असा आहे कीं, पावसाळ्यापूर्वीं पाणी समुद्रसपाटीपासून १४५ मीटरांपर्यंत उतरवावयाचें आणि हिंवाळ्यांत तें १७५ मीटरांपर्यंत चढवावयाचें. ज्या ऋतूंत खडक वर येई, त्याच ऋतूंत आतां पाणी सर्वांत उंच असतें. रोजनिशी सुरक्षित आहे. पण तिच्यांत नवीन ओळ लिहिणें कायमचें थांबलें.

आतां धरणाच्या कल्पनेचा उगम पाहूं. ती साम्यवादी राजवटीची निर्मिति आहे असा समज पुष्कळांचा असतो, पण तो बरोबर नाहीं. चिनी प्रजासत्ताकाचा जनक सुन यत्-सेन यानें १९१९ सालीं देशाच्या औद्योगिक उन्नतीची जी योजना मांडली, तींतच ह्या घळींत बंधारा घालून, लॉकच्या साह्यानें जहाजें वर न्यावीं व पाण्यापासून शक्तिही उत्पन्न करावी, अशी सूचना आहे. १९४४ सालीं अमेरिकेंतील विख्यात धरणशिल्पी जॉन सॅव्हेज यांनीं जागेची पाहणी करून आराखडा केला. तथापि यादवी युद्धाच्या धामधुमींत १९४७ सालीं काम थांबलें. पुढें १९५४ च्या पुरांत तीस हजारांहून अधिक माणसें दगावलीं. १९३१ च्या महापुराची आठवण तर त्याहून भीषण होती. धरणाचे पुरस्कर्ते निव्वळ वैभवाच्या हव्यासानें बोलत होते असें म्हणणें म्हणूनच अन्यायाचें होईल. मैदानांतील कोट्यवधि लोक दरसाल बांधांच्या आडोशाला जीव मुठींत धरून राहत होते, ही वस्तुस्थिति होती.

तथापि विरोधही तितकाच जुना आहे. १९५८ सालीं माओ त्से-तुंग यांच्यासमोर लिन यीशान व ली रुई या दोघांचा वाद झाला. लिन धरणाचे कैवारी, ली रुई प्रतिपक्षी. माओंना ली रुई यांचें म्हणणें पटलें आणि त्यांनीं त्यांनाच आपल्या चिटणिसांत घेतलें. घाई करूं नये, तयारी मात्र करावी, असें त्या वेळीं ठरलें. दुसरे प्रतिपक्षी प्राध्यापक ह्वांग वानली. पीत नदीवरील सानमेनश्या धरण गाळानें भरेल, असें त्यांनीं १९५७ सालीं एकाकी बजावलें होतें; बक्षीस म्हणून त्यांना प्रतिगामी ठरविण्यांत आलें. तें धरण १९६० सालीं पुरें झालें, थोड्याच वर्षांत गाळानें भरलें आणि त्याची पुनर्रचना करावी लागली. तेच ह्वांग पुढें यांगत्सेवरील धरणाविरुद्धही अखेरपर्यंत राज्यकर्त्यांना पत्रें लिहीत राहिले.

१९८० नंतरच्या दशकांत चीनमध्यें मोकळेपणाचें वारें वाहूं लागलें, आणि हा वाद तज्ज्ञांच्या बैठकींतून बाहेर पडला. सरकारनें नेमलेल्या तज्ज्ञांपैकीं कांहींनीं अहवालावर सही करण्याचें नाकारलें. १९८९ च्या आरंभीं दाय चिंग या पत्रकार स्त्रीनें विरोधकांचे लेख व मुलाखती एकत्र करून पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं जूनमध्यें तियानआनमेन चौकांतील चळवळ चिरडली गेली. पुस्तकावर बंदी आली व दाय चिंग यांना दहा महिने तुरुंगांत काढावे लागले. त्यानंतर ३ एप्रिल १९९२ रोजीं राष्ट्रीय लोकसभेपुढें प्रश्न आला. १,७६७ सभासद अनुकूल, १७७ प्रतिकूल, ६६४ तटस्थ, आणि २५ जणांनीं मतच दिलें नाहीं. आपल्याकडील वाचकांस हे आंकडे बहुमताचे वाटतील; परंतु जेथें हात एकमतानें वर जावयाचे अशीच वहिवाट, तेथें एक तृतीयांश सभासदांनीं हात आंवरावा, ही लहानसहान गोष्ट नव्हे. त्या सभागृहांतील मौन हेंच त्या काळीं शक्य असलेलें भाषण होतें.

काम डिसेंबर १९९४ मध्यें सुरू झालें, नोव्हेंबर १९९७ मध्यें मुख्य प्रवाह अडला, २००३ च्या जूनपासून पाणी चढूं लागलें आणि २०१० सालीं तें १७५ मीटरांच्या रेषेस टेकलें. भिंत सुमारें २,३०० मीटर लांब व १८१ मीटर उंच. विद्युच्छक्ति २२,५०० मेगावॅट, म्हणजे आपल्या कोयनेच्या अकरा पटींहूनही अधिक. आंकडे ऐकून मति गुंग होते खरी. पण प्रत्यक्ष पाहणाराचें मन आंकड्यांपेक्षां लॉकमध्यें अधिक गुंतून राहतें.

लॉक म्हणजे दोन्हीं टोंकांस दरवाजे असलेला पाण्याचा हौद. येथें उत्तर कांठचा ग्रॅनाइटचा डोंगर कापून अशा पांच हौदांच्या दोन समांतर रांगा केल्या आहेत. एक चढणाऱ्या जहाजांसाठीं, दुसरी उतरणाऱ्यांसाठीं. प्रत्येक हौद २८० मीटर लांब व ३५ मीटर रुंद. नौका आंत शिरते, मागील दरवाजे मिटतात, आणि पाणी कमी होऊं लागतें. इंजिनाचा आवाज नाहीं, धक्का नाहीं. केवळ बाजूची ओली भिंत हळूहळू उंच होत जाते. पाणी उपसण्यास पंप लागत नाहीं. वरच्या हौदांतील पाणी आपल्याच भारानें खालच्या हौदांत उतरतें, आणि दोहोंची पातळी सारखी झाली म्हणजेच पुढचे दरवाजे उघडतात. पातळी सारखी होईपर्यंत ते उघडतांच येत नाहींत, इतका पाण्याचा दाब त्यांवर असतो. अशा रीतीनें तीन-चार तासांत, कमाल ११३ मीटरांचा हा जिना जहाजें चढतात वा उतरतात. २०१६ पासून शेजारींच पाळणाही सुरू झाला असून तो तीन हजार टनी जहाजास पाण्याच्या टाकीसकट उचलून पाऊण-एक तासांत वर नेतो.

हें सर्व पश्चिमेकडून आलेलें कसब आहे असें कोणी समजूं नये. इ. स. ९८४ मध्यें, सुंग राजवटींत, च्याव वेइयुए नांवाच्या अधिकाऱ्यानें महाकालव्यावर, ह्वाय नदीच्या परिसरांत, असें जलद्वार प्रथम बांधल्याची नोंद आहे. त्यापूर्वीं होड्या उतरंडीवरून ओढून नेत. त्यांत त्या फुटत, आणि त्या गोंधळांत सारावसुलीचें धान्य चोरीस जाई. तें थांबावें म्हणून त्यानें पन्नास पावलांच्या अंतरानें दोन दरवाजे बसविले. युरोपांत अशीं जलद्वारें दिसूं लागलीं तीं त्यानंतर सुमारें चारशें वर्षांनीं. सानदौपिंगचा भव्य जिना हा त्या धान्यरक्षक कारभाऱ्याच्या युक्तीचाच थोर वंशज होय.

लाभ कोणते झाले, हें प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. २०२० सालीं ह्या केंद्रानें सुमारें ११२ अब्ज युनिट वीज निर्माण केली. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें दर सेकंदास ७५,००० घनमीटर पाणी येऊन आदळलें, तें धरणानें मोठ्या प्रमाणावर थोपवून धरलें. वाहतूकही अनेक पटींनीं वाढली. दुसऱ्या पारड्यांत सुमारें तेरा लाख विस्थापित माणसें आहेत. त्यांतील कित्येकांना डोंगराच्या चढणीवरील निकृष्ट जमीन मिळाली, कित्येक भाषाही निराळी अशा दूरच्या प्रांतांत धाडले गेले. पाणी चढूं लागल्यावर लवकरच, जुलै २००३ मध्यें, धरणाजवळच्या एका उपनदीच्या कांठची दरड कोसळून कित्येकांचे बळी गेले. नदीतील श्वेत डॉल्फिन २००६ च्या शोधमोहिमेंत एकही आढळला नाहीं, आणि वल्ह्यासारख्या मुखाचा प्राचीन मासा २०२२ सालीं नष्ट झाल्याचें जाहीर झालें. ह्या प्राणिनाशाचा सगळा दोष ह्या एका धरणाकडे जात नाहीं. जुना गजोबा बंधारा, बेसुमार मासेमारी व जहाजांची वर्दळ हेही वांटेकरी आहेत.

ही दोन पारडीं तोलून निकाल देणें आमचें काम नव्हे. पुरापासून वांचलेल्या माणसाची मोजदाद होत नाहीं आणि घर गमावलेला माणूस मात्र समोर उभा असतो, ही अडचण अशा प्रत्येक तोलांत येते. परंतु एका गोष्टीविषयीं आम्हांस संदेह नाहीं. मे २०११ मध्यें चीनच्या मंत्रिमंडळानेंच जाहीरपणें मान्य केलें कीं, विस्थापितांचें जीवन, दरडींचें भय, पर्यावरण आणि खालच्या भागांतील जलवाहतूक व सिंचन यांविषयींचे प्रश्न तातडीनें सोडविले पाहिजेत. ह्यांतील बरेचसे प्रश्न १९८९ च्या त्या बंदी घातलेल्या पुस्तकांत व ज्यांना गप्प बसविलें त्या तज्ज्ञांच्या लेखांत मांडलेलेच होते. मधल्या बावीस वर्षांत ते मोकळेपणें चर्चिले गेले असते, तर कदाचित् धरण झालेंच असतें. पण लोकांना हलविण्याची रीत, जमिनीची निवड, कांठांची बळकटी ह्या गोष्टी निश्चितच अधिक शहाणपणानें झाल्या असत्या.

चीनच्याच इतिहासांत ह्याचा दाखला आहे. च्यौ वंशांतील ली राजानें आपल्यावर टीका करणाऱ्यांना ठार मारण्याचा सपाटा लावला, तेव्हां प्रजा रस्त्यांत भेटली तरी नुसत्या नजरेनें बोलूं लागली. राजाला वाटलें, टीका थांबली. त्याच्या अमात्यानें त्याला नदी तुंबविण्याची उपमा देऊन सावध केलें आणि लोकांचें म्हणणें वाहूं द्यावें असा सल्ला दिला. राजानें तो मानिला नाहीं, इ. स. पूर्व ८४१ त त्याला राज्य सोडून पळून जावें लागलें. नदी कशी अडवावी हें शास्त्र यू राजाच्या वंशजांनीं सानदौपिंग येथें पूर्णत्वास नेलें आहे. त्या अमात्याचा सल्ला मात्र अजून अमलांत यावयाचा आहे.